कृतज्ञता डायरी लिहून खरंच कुणाला फरक पडलाय का?

करीरोडची_सून: लालबागची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली, दोन महिने झाले डोंबिवलीत भाड्याने राहतोय. ऑफिस परळलाच, त्यामुळे जाऊन येऊन जीव जातो. लेकीची शाळा बदलली, आणि सासूबाई दिवसभर दार उघडं टाकून बसतात, कुणी डोकावेल म्हणून... इथे कोण डोकावतंय! मैत्रिणीने सांगितलं रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिही. पहिल्या दिवशी लिहिलं घर, नवरा, लेक. दुसऱ्या दिवशी पण तेच, आता आठवडा झाला, हजेरीपट भरल्यासारखं वाटतंय आणि वर गिल्ट की मी कृतघ्न आहे का काय. कुणी केलंय का हे?

वहीवाला_काका: ताई, रोज कशाला लिहिताय? एमन्स आणि मॅकलॉ या दोन मानसशास्त्रज्ञांचा २००३ चा अभ्यास आहे, त्यात एका गटाला आठवड्यातून एकदाच, जास्तीत जास्त पाच गोष्टी लिहायला सांगितल्या होत्या, दहा आठवडे. कटकटी लिहिणाऱ्या गटापेक्षा त्यांना आयुष्य बरं वाटत होतं. तुमची ती तीनवाली आयडिया सेलिगमन नावाच्या मानसशास्त्रज्ञाची, २००५ ची, पण तिच्यात एक भाग लोक विसरतात, गोष्ट चांगली *का* झाली हेही लिहायचं असतं. "नवरा" ही काय गोष्ट झाली? मंगळवारी उशीर झाला तर नवऱ्याने कुकर लावून ठेवला, ही गोष्ट.

सव्वीसावा_मजला: आम्ही वरळीच्या बीडीडी चाळीतले, आमचं रिडेव्हलपमेंट झालं. १६० फुटांच्या खोलीतून ५०० फुटांत आलो, संडास घरात, लिफ्ट, सगळं आहे तरी आई पहिला महिना रडली. आम्ही तिला सारखं "बघ किती छान मिळालं, देवाचे आभार मान" म्हणायचो, ते मूर्खपणाचं होतं. शेवटी तिने जुन्या शेजारणीला फोन लावला, माझ्या बाळंतपणात तू डबे दिलेस ते कधी बोललेच नाही म्हणून, दोघी तासभर बोलल्या, त्यानंतर जरा माणसात आली. तुमच्या सासूबाईंना वही नको, फोन लावून द्या.

स्पष्टच_बोलतो: बिल्डरचं भाडं वेळेवर येतंय ना? आमचं चार महिने थकलंय, त्यावर कुठली डायरी लिहू? आभार मानून घरमालक ऐकत नाही.

वहीवाला_काका: दादा, भाड्यासाठी सोसायटीच्या कमिटीला धरा, त्याला वही चालत नाही हे कबूल. आणि ताई, राग आला तर तोही लिहा, चाळ सुटल्याचं दुःख आहे, ते कृतघ्नपणा कसं होईल? झोप उडाली असेल किंवा सारखं रडू येत असेल तर मात्र वहीवर थांबू नका, टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

करीरोडची_सून: झोप लागते काका, उलट लोकलमध्ये पण लागते 😄 काल सासूबाईंना चाळीतल्या समोरच्या खोलीतल्या मावशींशी व्हिडिओ कॉल लावून दिला, तर दोघींनी मिळून डोंबिवलीच्या पाण्याला शिव्या घातल्या, मस्त जेवल्या रात्री. आणि वहीत एवढंच लिहिलं, ठाण्याला उतरणाऱ्या बाईने सीट दुसरीला सांगून ठेवली होती तरी माझं तोंड बघून म्हणाली, "तू बस गं, तिला मी सांगते." का दिली ते काही कळलं नाही, सोमवारी भेटली तर विचारते.