‘टॉलरेट’ : सहन करणे की खपवून घेणे?

बोरू : अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीवरच्या लेखाचा अनुवाद करतोय. तिथल्या कॅडेटांची ऑनर कोड, म्हणजे सचोटीची आचारसंहिता, एका वाक्याची आहे. खोटं बोलणार नाही, ‘चीट’ करणार नाही, चोरी करणार नाही आणि असं करणाऱ्यांना ‘टॉलरेट’ करणार नाही. मी ‘सहन करणार नाही’ लिहिलं, तर कॅडेट बाह्या सरसावून मारायलाच उठल्यासारखा वाटतोय!

आंबेमोहर : ‘खपवून घेणार नाही’ घ्या. ऊन आपण सहन करतो, खपवून घेत नाही. सहन करणाऱ्याला सोसावं लागतं. खपवून घेणाऱ्याला सगळं दिसत असतं, तो फक्त काणाडोळा करतो. ‘पाठीशी घालणे’ त्याच्याही पुढचं, त्यात बचाव करणं आलं.

‘चीट’चं काय केलंत? १९७६ साली तिथे इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचा खोलीवर नेऊन सोडवायचा पेपर होता. कॅडेटांनी एकमेकांची उत्तरं उतरवली आणि सुमारे १५० जणांना अकादमी सोडावी लागली (बऱ्याच जणांना नंतर परत घेतलं). याला आपण सरळ ‘कॉपी’ म्हणतो. ‘फसवणूक’ म्हटलं की चिटफंड आठवतो.

बोरू : ‘कॉपी’ परीक्षेपुरतीच ना? कोडमध्ये गैरमार्गाने मिळवलेला कुठलाही फायदा येतो. ‘लबाडी’ कसं वाटतं?

माणदेशी : चालेल, पण आमच्याकडं ‘लबाड बोलू नको’ म्हणजे खोटं बोलू नको. आधीच्या ‘खोटं’शी टक्कर होईल.

बाकी कॅडेटांना शिकवायला अवघड असेल तर ते ‘क्विबल’. शब्द खरे, पण समोरच्याची दिशाभूल व्हावी असे बेतलेले. कोशात ‘शब्दच्छल’ सापडेल, पण नेमका शब्द ‘नरो वा कुंजरो वा’. धर्मराजानं तेच केलं, तेही रणांगणावर आणि स्वतःच्या गुरूशी. कोणाची फसवणूक करतोय का किंवा होऊ देतोय का, हा वेस्ट पॉइंटवर स्वतःला विचारायचा पहिला प्रश्न. त्यात धर्मराज नापास.

बोरू : वा! हे तळटीपेत घालतो. शेवटची अडचण : दोस्ताची लबाडी वरिष्ठांना कळवणाऱ्याला काय म्हणायचं? मला आठवले ते चहाडखोर, चुगलीखोर, कळलाव्या. एकही शब्द धड नाही.

आंबेमोहर : आपण शाळेपासून ‘सरांना नाव सांगणारा’ वाईटच ठरवलाय. दहावीच्या पूर्वपरीक्षेत शेजारचा बाकाखाली चिठ्ठी उलगडत होता. सरांनी मला विचारलं, मी पट्टीवरचे सेंटिमीटर मोजत बसले. वर्गात माझा भाव वधारला. खपवून घेणं ते हेच, फक्त तेव्हा त्याला मैत्री म्हणत होतो.

अमेरिकेच्याच ॲनापोलिसमधल्या नौदल अकादमीत थेट कळवण्याऐवजी आधी त्या सोबत्याला गाठून बोलायची मुभा आहे. त्याला मराठीत फर्मास शब्द आहे, कानउघाडणी. वेस्ट पॉइंटच्या कळवणाऱ्यासाठी नाम शोधूच नका, ‘वरिष्ठांच्या कानावर घालणे’ असं क्रियापद वापरा.

बोरू : ठरलं. ‘कॅडेट खोटं बोलणार नाही, लबाडी करणार नाही, चोरी करणार नाही आणि करणाऱ्याचं खपवून घेणार नाही.’ माणदेशी वाचकांची आगाऊ माफी.