तीन हस्तलिखितं एकाच वेळी उघडी आहेत, कुठलं थांबवू?

पहाटवही

चार वर्षं लिहितेय, पण अजून एकही कादंबरी पूर्ण झालेली नाही. सध्या तीन कामं हातात आहेत.

पहिली मोठी कादंबरी. अठरा वर्षांनी परतलेला भाऊ आणि त्याच्या मागे सगळं एकटीनं निभावलेली थोरली बहीण. ६२,००० शब्द झालेत, चौदावं प्रकरण चालू आहे. दुसरी एका म्हाताऱ्या नकाशाकाराची, प्रथमपुरुषी निवेदनातली, २३,००० शब्द. तिसरी मुलांसाठीची कादंबरिका. सात प्रकरणं झाली, चार-पाच राहिलीत.

वेळ मिळतो पहाटे पाच ते साडेसहा. आजवर त्या दिवशी ज्याची ओढ वाटेल ते उघडत आले. पण मोठ्या कादंबरीकडे आठ-दहा दिवसांनी वळले की मागचं वाचल्याशिवाय सूर लागत नाही. बहिणीच्या हातावरची भाजल्याची खूण डाव्या हाताला की उजव्या, एवढं शोधायला गेल्या आठवड्यात पंचवीस मिनिटं गेली. नव्वद मिनिटांतली निम्म्याहून अधिक मिनिटं जुनं वाचण्यातच संपतात.

त्याहून काळजीची गोष्ट म्हणजे आवाज एकमेकांत मिसळायला लागलेत. नकाशाकार तुटक बोलतो, वाक्य अर्ध्यावर सोडतो. परवा बाराव्या प्रकरणात बहीण तशीच बोलताना सापडली. ती तशी नाही हो. मुद्द्यावर यायला तिला चार वाक्यं लागतात, आणि तिचं तेच मला फार प्रिय आहे.

दोन कामं बाजूला ठेवून एकच धरावं का? ठेवलेलं लेखन मरतं अशी मला भीती वाटते. झोपताना नकाशाकार ऐकू येतो, त्याला गप्प बसवणं जिवावर येतं. ज्यांनी यातून वाट काढली आहे त्यांनी कृपया सांगा.

तिसरा_खर्डा

माझ्या दोन कादंबऱ्या पूर्ण झाल्या, दोन्ही एकेकट्या लिहून. लेखन नुसतं टाकून दिलं तर मरतं, हे खरं आहे. म्हणून थांबवण्याआधी एक अख्खा दिवस त्यालाच द्यावा. मी फाइलच्या अगदी वर एक पान लिहिते: पात्रं आत्ता कुठे आहेत, कोणाला काय ठाऊक आहे आणि कोणापासून काय लपलंय, पुढचा प्रसंग कसा सुरू होणार. त्याखाली, मला हे मुळात का लिहावंसं वाटलं ते. हा शेवटचा भाग टाळू नका, सगळ्यात आधी तोच विसरतो. असं ठेवलेलं एक काम मी तेरा महिन्यांनी उघडलं आणि दुसऱ्याच दिवशी पुढे लिहायला लागले.

भाजल्याच्या खुणेसारख्या गोष्टींना वेगळी वही करा. पात्रागणिक दोन पानं पुरतात.

हप्तेवार

एकच धरा, याच्याशी मी पूर्ण सहमत नाही. इंग्रज कादंबरीकार डिकन्स १८३७ मध्ये फेब्रुवारीपासून नोव्हेंबरपर्यंत ‘पिकविक पेपर्स’ आणि ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ या दोन्ही लिहीत होता, दोन्हींचे मासिक हप्ते चालू होते. छापखान्याची तारीख ठरलेली असल्यामुळे आज कशाची ओढ वाटतेय हे विचारायला त्याला जागाच नव्हती. पण त्याच वर्षी मे महिन्यात त्याची सतरा वर्षांची मेहुणी अचानक वारली आणि दोन्ही कादंबऱ्यांचा एकेक हप्ता चुकला. दोन कामांसाठी माणसाजवळ दोन वेगळे साठे नसतात, हे मला त्यावरून पटलं. आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू करून त्यात वर्षानुवर्षं कादंबऱ्या हप्त्यांनी दिल्या; त्यांच्याही काही अपुऱ्या राहिल्याच.

मी काम कुठल्या टप्प्यावर आहे ते पाहतो. कच्चा खर्डा एका वेळी एकच. सोबत दुसऱ्याचं पुनर्लेखन चालतं, कारण तिथे समोर काहीतरी असतं आणि आपण ते घासत असतो. दोन कच्चे खर्डे एकाच पहाटेत मला कधीच जमले नाहीत. तुमचे तर तिन्ही कच्चे आहेत.

एक विचारतो. नकाशाकाराची फाइल कुठल्या तारखेला सुरू झाली, आणि त्या दिवशी मोठी कादंबरी कुठे थांबली होती? मुलांच्या गोष्टीचंही तसंच बघाल का?

पहाटवही

बघितलं. नकाशाकार गेल्या वर्षी ११ मार्चला सुरू झाला. ९ आणि १० मार्चला मी अकराव्या प्रकरणात होते, भाऊ आणि बहीण पहिल्यांदाच दोघंच एका खोलीत येतात तिथे. दोन पहाटांत १८० शब्द झाले होते. नंतर कधीतरी ‘त्या रात्री दोघं बराच वेळ बोलत बसले’ असं एक वाक्य टाकून मी पुढे निघून गेले. मुलांची गोष्ट यंदा २ फेब्रुवारीची. ३१ जानेवारीला मी तोच प्रसंग पुन्हा उघडला होता.

हे पाहून आज काही लिहिलंच नाही. इतके दिवस वाटत होतं की प्रश्न वेळ वाटण्याचा आहे. खरं तर बहीण त्याला काय विचारेल हेच मला ठाऊक नाही. तो का गेला हे तिला आधीपासून माहीत होतं की नाही, ते मी अजून ठरवलेलं नाही.

रात्रपाळी

ठरवू नका, दोन्ही लिहून बघा. एकदा तिला माहीत आहे असं धरून, एकदा नाही असं धरून. कादंबरीच्या फाइलमध्ये नको, सुट्या कागदांवर, हातानं. तिथे पात्रांना वायफळ बोलू द्या. माझ्या एका पात्राची अशी पाच पानं झाली होती, कामाची वाक्यं निघाली दोन. पण त्या दोन वाक्यांमुळे आधीची सहा प्रकरणं मला नव्यानं कळली.

मुलांची गोष्ट मात्र थांबवू नका. तुम्ही अजून एकदाही शेवटच्या पानापर्यंत गेलेला नाहीत, आणि तिथला शेवट जवळ आहे. पहाटेची वेळ तिला देऊ नका एवढंच.

पहाटवही

सोळा दिवसांनी लिहितेय. नकाशाकाराला एक पूर्ण पहाट दिली. वरचं पान लिहिताना ‘हे का लिहायचं होतं’ याच्यापुढे तीन ओळी अगदी सहज आल्या, म्हणून फाइल बंद करताना वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही.

प्रसंग दोन्ही प्रकारे लिहिला. तिला काहीच माहीत नाही असं धरलं की ती ओरडते, रडते, आणि मला ते वाचवत नाही. माहीत आहे असं धरलं तर ती त्याला एकही प्रश्न विचारत नाही. अठरा वर्षांत घरातली कुठली वस्तू कुठून कुठे हलवली, तेवढंच सांगत राहते, प्रत्येक वस्तूला चार-चार वाक्यं. तो ऐकत राहतो. २,३०० शब्द झाले आणि आवाज पूर्णपणे तिचाच आहे.

म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या प्रकरणात ती अजाण आहे, ती प्रकरणं आता बदलावी लागतील. कादंबरिका शनिवार-रविवारी दुपारी लिहिते, दोन प्रकरणं उरलीत. आज पहाटे तिसरं प्रकरण उघडलं. तिथे ती भावाच्या जुन्या खोलीला कुलूप लावते. किल्ली ती कुठे ठेवते ते आज लिहिलं.