आईचे कर्करोगाचे निदान तिच्यापासून लपवणे योग्य आहे का?

प्रश्न (तासगाव तालुका):
माझी आई 68 वर्षांची आहे. तिच्या स्तनातील गाठीचा बायोप्सी अहवाल मिरजेच्या एका रुग्णालयातून आला असून तो कर्करोगाचा आहे. आधी केमोथेरपी आणि मग शस्त्रक्रिया, असे उपचार सुचवले आहेत. हे सांगताना आईला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवले होते आणि संमतीपत्र माझ्यापुढे सरकवले गेले. मी अद्याप सही केलेली नाही. थोरले बंधू आणि मामा म्हणतात, की आईने हाय खाल्ली तर उपचारांआधीच ती खचेल, म्हणून ‘साधी गाठ आहे, इंजेक्शनांनी विरघळेल’ एवढेच सांगावे. परंतु द्राक्षबागेच्या औषधांचा आणि मजुरीचा हिशेब आजही तीच ठेवते, आणि अहवालात काय आले हे ती रोज विचारते. तिच्या शरीराचा निर्णय तिला अंधारात ठेवून आम्ही घ्यावा का?

उत्तर 1 (वकील, सांगली):
कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये निर्णय दिला, की सज्ञान आणि निर्णयक्षम रुग्णाच्या वतीने नातेवाइकाने दिलेली संमती ग्राह्य नाही. त्या प्रकरणात रुग्ण तपासणीसाठी भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढण्यात आले होते. जिवाला तातडीचा धोका नसल्याने न्यायालयाने ती संमती अपुरी ठरवली. संमती देण्यापूर्वी उपचारांचे स्वरूप, धोके आणि पर्याय रुग्णाला समजावून सांगणेही आवश्यक आहे. आपण साक्षीदार म्हणून जरूर सही करावी, मात्र संमतीची सही मातोश्रींचीच हवी.

उत्तर 2 (विटा):
कायदा मान्य आहे, तरी आपल्या मामांची भीती मी खोटी म्हणणार नाही. आमच्याकडे सासूबाईंचा आजार कळताच भावकीतील माणसे शेवटची भेट घ्यायला यावे तशी येऊ लागली, आणि त्या खरोखर खचल्या त्या या भेटींमुळे. लपवायचेच असेल तर गावापासून लपवावे.

उत्तर 3 (निवृत्त परिचारिका, मिरज):
केमोथेरपीच्या कक्षात मी अनेक वर्षे काम केले आहे. निदान फार काळ लपत नाही. शेजारच्या खाटेवरील बाई बोलते, दारावरची पाटी वाचता येते, आणि अनेक औषधांनी पहिल्या मात्रेनंतर दोन-तीन आठवड्यांत केस गळू लागतात. मग रुग्णाला सर्व समजलेले असते, पण मुले लपवत आहेत हे पाहून तीही गप्प राहते, आणि तिची भीती ऐकून घेणारे घरात कोणीच उरत नाही. हा एकटेपणा मला निदानापेक्षा क्रूर वाटतो.

याहून गंभीर बाब तापाची आहे. केमोथेरपीने संसर्गाशी लढणाऱ्या, रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होतात, त्यामुळे त्या काळात ताप आल्यास त्याच वेळी रुग्णालय गाठावे लागते. साधी इंजेक्शने चालू आहेत असे समजणारी बाई तापाची गोळी घेऊन बागेत कामाला जाईल. आपण तिला खरे न सांगता हा धोका कसा समजावणार?

मात्र सगळे एकाच बैठकीत तिच्यावर लादणेही बरोबर नाही. डॉक्टरांनी आधी तिलाच विचारावे, की तिला स्वतःला किती जाणून घ्यायचे आहे. ‘माझ्या मुलाशी बोला’ असे ती म्हणाली, तर तोही तिचाच निर्णय आहे आणि तो पाळावा. तिने विचारलेल्या प्रश्नाला मात्र खोटे उत्तर देऊ नये. स्तनाच्या कर्करोगावर परिणामकारक उपचार आहेत, हे त्याच भेटीत आणि डॉक्टरांच्याच तोंडून तिच्या कानावर पडावे.

प्रश्नकर्ता:
आपणा सर्वांचा आभारी आहे. तापाचा मुद्दा बंधूंना पटला. मामा अजून नाराज आहेत. पुढील भेटीत आईला आत बसवून डॉक्टरांनी तिच्याशीच बोलावे, अशी विनंती आम्ही करणार आहोत. त्या वेळी आम्ही दोघे भाऊ सोबत बसावे की नाही?

उत्तर 3:
हेही आईंनाच विचारावे. काही गोष्टी त्या मुलांसमोर बोलणार नाहीत. बहीण किंवा सून सोबत असल्यास त्यांना अधिक मोकळेपणा वाटू शकेल.