इंडिपेंडंट लिव्हिंग कौन्सिलसाठी अर्ज करू का? (अमेरिका)

कोल्हापूरकरीण_ओहायो: मी व्हीलचेअर वापरते. आमच्या इंडिपेंडंट लिव्हिंग सेंटरच्या (अपंगांना स्वतंत्रपणे जगायला मदत करणारी संस्था) बाई म्हणाल्या, अशा सेवांचं नियोजन करणाऱ्या राज्याच्या कौन्सिलवर जागा रिकामी आहे, टाक अर्ज. पगार नाही म्हणे. नुसतं सह्यांपुरतं बसवतात का खरंच काही काम असतं?

आप्पा_६२: असतं गं. दर ३ वर्षांनी राज्याचा प्लॅन बनतो, पैसा कुठे जाणार, कुठल्या काउंटीत सेंटरच नाही हे सगळं त्यात येतं आणि कौन्सिलच्या अध्यक्षाच्या सहीशिवाय तो पुढे सरकत नाही. मी एक टर्म केली, ३ वर्षं, सलग दोनच मिळतात. पहिल्या मीटिंगचं बजेट आदल्या रात्री मेल केलं, तेही स्कॅन केलेलं, माझा स्क्रीन रीडर (मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) मुका! बोंब मारली तेव्हा कुठे सुधारले.

निमा_काकू: कायद्यानेच निम्म्याहून जास्त मेंबर अपंग लागतात, तेही सरकारी खात्यात किंवा सेंटरमध्ये नोकरीला नसलेले, त्यामुळे बुजू नकोस. अटेंडंटचा नि प्रवासाचा खर्च मागता येतो, पावत्या जपून ठेव. फक्त नेमणूक गव्हर्नरकडून, उत्तराची घाई करू नको 😄

कोल्हापूरकरीण_ओहायो: आधी एक मीटिंग बघून येऊ का, खुली असते ना?

आप्पा_६२: खुलीच असते. जा बिनधास्त.