कराडजवळ घरावर सोलर बसवायचंय, २ किलोवॅट की ३? आणि लाइट गेल्यावर चालेल का?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. घर स्वतःचं आहे, वर टाकी सोडली तर सगळा स्लॅब मोकळा. महिन्याला सरासरी २३० युनिट पडतात, एप्रिल-मेमध्ये ३०० च्या वर जातात आणि मग दराचा स्लॅब बदलला की बिल एकदम अंगावर येतं. तिघांकडून कोटेशन घेतली, एक म्हणतो २ किलोवॅट पुरे, दुसरा म्हणतो ३, तिसरा ५ च घ्या म्हणून मागेच लागलाय. पण बिलापेक्षा मोठी काळजी वेगळीच आहे, अण्णांना (माझे सासरे) ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढून देणारं विजेवरचं मशीन) लागतो आणि आमच्याकडे वळीव आला की लाइट गेलीच समजा, कधीकधी चार-चार तास. सोलर बसवलं की ही चिंता मिटेल असं धरून चाललेय. बरोबर आहे ना?

मीटरवाला:
ताई, शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगतो. नाही मिटणार. सबसिडीत बहुतेक ठिकाणी जे साधं ऑनग्रिड (थेट महावितरणच्या लाइनीला जोडलेलं, बॅटरी नसलेलं) बसतं ते लाइट गेली की त्याच क्षणी बंद पडतं, वर कडक ऊन असलं तरी. ते मुद्दामच तसं केलेलं असतं, नाहीतर तुमच्या पॅनलची वीज उलटी लाइनवर जाऊन पोलवर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. मी याच कामात आहे, विकताना हे कोणी नीट सांगत नाही आणि मग पहिल्या पावसात लोकांचे फोन येतात.

अण्णांच्या मशीनसाठी वेगळा इन्व्हर्टर आणि १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी घ्या, इन्व्हर्टर प्युअर साइनवेव्हच (घरच्या लाइटसारखी स्वच्छ वीज देणारा) हवा. ५ लिटरचं मशीन साधारण ३०० ते ४०० वॅट ओढतं, म्हणजे नव्या बॅटरीवर तीनेक तास धरा, तुमच्याकडे चार तास जाते म्हणताय तर दोन बॅटऱ्यांचाच सेट बघा. आणि एवढं करूनही ऑक्सिजनचा एक भरलेला सिलिंडर घरात असूच द्या. हायब्रिड, म्हणजे बॅटरीसकट सोलर सिस्टीमही मिळते, पण त्यात बॅटरीचा खर्च बराच वाढतो आणि सबसिडी पॅनलच्या किलोवॅटवर असते, बॅटरीसाठी वेगळी नाही.

आता साइजचं. १ किलोवॅट वर्षभराच्या सरासरीने रोज ४ युनिट देतो, म्हणजे २ चे महिन्याला २४० झाले, तुमचं आजचं भागतं. पीएम सूर्यघर या केंद्राच्या योजनेत २ किलोवॅटला ६० हजार सबसिडी, ३ ला ७८ हजार, त्याच्या वर कितीही घ्या ७८ च. वर्षा-दोन वर्षांत एसी किंवा इलेक्ट्रिक स्कूटर येणार असेल तर ३ घ्या. ५ कशाला? जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात खरे, पण मार्चअखेर उरलेले महावितरण कमी दराने घेतं, त्यात तुमचे पैसे अडकतील. आणि बिल अगदी शून्य होईल असं कोणी म्हटलं तर ऐकू नका, स्थिर आकार राहतोच.

रत्नांग्रीकर:
माझ्याकडे ३ किलोवॅट आहे, ५४० वॅटचे ६ पॅनल. एप्रिलमध्ये दिवसाला १४-१५ युनिट होतात आणि जुलैत असे दिवस येतात की ३ वर गाडी अडते, त्यामुळे वर्षाचा हिशोब बघा, एका महिन्याचा नको. माझी चूक झाली ती स्ट्रक्चरमध्ये. पहिल्या वेंडरने जे लावून दिलं ते नुसतं रंगवलेलं लोखंड होतं, आमच्या खाऱ्या हवेत दुसऱ्या पावसाळ्याला वेल्डिंगच्या जागी गंज फुटला, सगळं उतरवून परत करावं लागलं आणि तो माणूस फोन उचलेना. हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं) लोखंड आणि स्टेनलेसचे नटबोल्ट असं कोटेशनवर लिहूनच घ्या, कराडला समुद्र नाही पण २५ वर्षं पॅनल टिकणार तर खालचा सांगाडाही टिकायला नको का. स्लॅब गळत असेल तर वॉटरप्रूफिंग आधी.

आणि ताई, टाकी कुठल्या बाजूला आहे? दक्षिणेला असेल तर डिसेंबरात सावली लांब पडते. एका पॅनलवर सावली आली तरी त्याला जोडलेल्या पॅनलच्या पूर्ण लाइनीचं उत्पादन पडू शकतं. सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ ला गच्चीचे फोटो काढून ठेवा.

मीटरवाला:
एक राहिलं, लाइटबिल कोणाच्या नावावर आहे? अर्ज त्याच नावाने होतो आणि सबसिडीही त्याच ग्राहकाच्या खात्यात येते. वेंडर योजनेच्या पोर्टलवर नोंदलेला हवा, पॅनल डीसीआर म्हणजे सेलसकट भारतात बनलेले हवेत, नाहीतर सबसिडी नाही. अर्थिंग तीन वेगळे मागा, डीसीचं (पॅनलकडचं), एसीचं (इन्व्हर्टरपासून घराकडचं) आणि लाइटनिंग अरेस्टरचं, म्हणजे आभाळातली वीज जमिनीत उतरवणाऱ्या दांड्याचं. एकाच खड्ड्यात तिन्ही वायरी सोडून गेलेली कामं मी पाहिलीत, वळवाच्या पट्ट्यात तर हे अजिबात चालवून घेऊ नका.

कृष्णाकाठ:
दोघांचे मनापासून आभार, मी चार तास लाइट गेल्यावर सोलरच्या भरवशावर बसले असते या विचारानेच पोटात गोळा आला. इन्व्हर्टर आणि दोन बॅटऱ्या आज दुपारीच सांगून आलो, सिलिंडरचं डॉक्टरांशी बोलणं झालंय. टाकी नेमकी दक्षिणेच्या कोपऱ्यात आहे, प्लंबर म्हणतो उत्तरेला हलवता येईल. आणि बिल अजून आजेसासऱ्यांच्या नावावर आहे, ते जाऊन नऊ वर्षं झाली. म्हणजे आधी नावबदल, मग २ की ३ ते बघू.