उत्तर: पिनयिनने (चिनी उच्चारांच्या रोमन स्पेलिंगने) चिनी टंकताना अक्षरं शोधण्यातच वेळ जातो

एकेक अक्षर टंकून निवडत बसलात तर वेळ जाणारच. नुसतं 'शी' टंकलं की सूर (उच्चारातला चढउतार) न दिल्यामुळे डझनावारी अक्षरं समोर येतात. त्यापेक्षा अख्खा शब्द किंवा वाक्यांश सलग टंका. 'शीच्येन'ला मोजकेच पर्याय उरतात: वेळ, घटना, प्रत्यक्ष सराव. पहिलाच हवा तर स्पेस, नाहीतर हवा त्याचा आकडा दाबा. मात्र पहिला पर्याय डोळे मिटून स्वीकारू नका, चुका तिथेच होतात.

'स्त्री' या अर्थाचं अक्षर सापडत नाही म्हणालात, ते त्याच्या पिनयिनमधल्या यू वरच्या दोन टिंबांमुळे. त्या यू साठी व्ही टंकायचा: एन-व्ही. 'हिरवा' हवा असेल तर एल-व्ही. जे, क्यू, एक्स, वाय यांच्यानंतर मात्र साधा यूच.

शीआन शहराचं नाव लिहिताना एक्स-आय नंतर अपॉस्ट्रॉफी द्या, नाहीतर ते 'श्येन' असं एकच अक्षर धरलं जातं.

विंडोजवर मध्येच रोमन अक्षरं उमटू लागली तर बिघाड नसतो; चुकून शिफ्ट दाबली गेलेली असते. पुन्हा एकदा दाबा. (कॅपिटल टंकायच्या सवयीने हे फार होतं.)