भाऊबीजेनंतर चार रात्री: आजी-आजोबा आणि मुलांसह गणपतीपुळे की तारकर्ली?

माहेरवाट (पुणे)

भाऊबीज आटोपल्यावर आम्ही सहा जण पुण्याहून स्वतःच्या गाडीने चार रात्रींसाठी कोकणात जाणार आहोत आणि गणपतीपुळे की तारकर्ली या प्रश्नावर घरात दोन पक्ष पडले आहेत. सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत. दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर त्या सपाट रस्त्यावर व्यवस्थित चालतात, मात्र उंच पायऱ्या चढणे आणि वाळूतून लांब चालणे त्यांना जमत नाही. शिवाय त्या पूर्ण शाकाहारी आहेत. सासऱ्यांना मासे अतिशय प्रिय आहेत. मुलगी १४ वर्षांची असून तिला स्कूबा डायव्हिंग करायचे आहे, तर धाकटा सात वर्षांचा आहे, नुकताच पोहायला शिकू लागला आहे आणि पाणी दिसले की त्याला आवरणे कठीण होते.

सासूबाईंची इच्छा गणपतीपुळ्याची आहे आणि ती बाजूला सारून मुलांच्या हौसेसाठी त्यांना सोबत नेणे मला योग्य वाटत नाही. दोन्ही ठिकाणी दोन-दोन रात्री राहावे, असाही विचार मनात येऊन गेला. प्रेक्षणीय स्थळांच्या याद्या हव्या तेवढ्या मिळतात. अशा कुटुंबाचा दिवस प्रत्यक्षात कुठे चांगला जाईल, हे तिथल्या माहितगारांकडून समजून घ्यायचे आहे.

आरेवारे (रत्नागिरी)

केवळ आपल्या सासूबाईंचा विचार केला तर मी क्षणभरही न थांबता गणपतीपुळे सुचवीन. मंदिर अगदी समुद्राला लागून आहे आणि गाडी जवळपर्यंत जाते. मंदिरामागची टेकडीच गणेशाचे रूप मानली जात असल्याने प्रदक्षिणा टेकडीला घालतात. तो मार्ग साधारण एक किलोमीटरचा आहे. त्यांना जमेल तेवढे चालून परत फिरता येईल. शाकाहारी जेवणाची चिंताच नाही, कारण घरगुती खानावळींतून मोदक, घावन, आमटी-भात सहज मिळतो. शेजारी मालगुंडला कवी केशवसुतांचे स्मारक आहे. आरे-वारेच्या किनारी रस्त्याने रत्नागिरीला यावे, म्हणजे लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान आणि ब्रह्मदेशाच्या पदच्युत राजासाठी १९१० मध्ये बांधून झालेला थिबा राजवाडा एका दिवसात निवांत पाहून होतो.

आता आपल्या मुलाविषयी लिहितो, कारण ते न लिहिणे बेजबाबदारपणाचे ठरेल. गणपतीपुळ्याचा किनारा दिसायला जितका देखणा आहे, तितकाच तो उतरण्यास अवघड आहे. तळ पटकन खोल होतो, लाट अगदी काठाशी फुटते आणि परतणारे पाणी पायाखालची वाळू घेऊन माणसाला आत खेचते. धोक्याच्या सूचना लावलेल्या असूनही तिथे पर्यटक बुडाल्याच्या घटना घडत आल्या आहेत. पाण्यापासून दूर न राहणाऱ्या मुलाला घेऊन आपण चार दिवस तिथे राहिलात, तर मोठ्यांपैकी कोणी ना कोणी सतत त्याच्या मागे धावत राहील आणि मूलही हिरमुसलेले राहील. आमच्या गावचा समुद्र पाहण्यासाठी आहे, खेळण्यासाठी नाही, असे मी येणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाला सांगतो.

कर्लीकाठ (देवबाग)

तारकर्लीपासून देवबागपर्यंतची जमीन म्हणजे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी यांमधली चिंचोळी पट्टी आहे. घरगुती निवासव्यवस्था या पट्टीतल्या माडांच्या बागांतच असल्याने वाळूत लांब चालावे लागत नाही. खोली घेताना तळमजल्याची मागावी, आणि सासूबाईंना सोयीचे म्हणून खाडीच्या बाजूची मिळाल्यास अधिक चांगले; खाडीचे पाणी शांत असते आणि अंगणात बसूनही होड्यांची ये-जा दिसते.

सिंधुदुर्ग किल्ला मात्र त्यांच्यासाठी सोपा नाही. मालवणच्या धक्क्यावरून होडीने जावे लागते, होडी हलत असताना चढ-उतार करावी लागते आणि आत बरेच चालणे आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर याचे बांधकाम सुरू केले. आत महाराजांचे शिवराजेश्वर मंदिर आहे, चुन्यात उमटलेले हाताचे व पायाचे ठसे आहेत आणि चहूबाजूंनी खारे पाणी असताना गोड्या पाण्याच्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरी आहेत. मुलांना हे जरूर दाखवावे. त्या वेळी सासूबाईंना सोबत म्हणून कोणी तरी मागे राहिलेले बरे, म्हणजे आपल्यामुळे सगळे अडले असे त्यांना वाटणार नाही.

जेवणाबाबत इकडे सगळीकडे मासळीच मिळते हा समज चुकीचा आहे. आमच्या घरांतही सोमवारी आणि सणावारी मासळी नसते. आदल्या दिवशी सांगून ठेवल्यास काळ्या वाटाण्याचे सांबार, आंबोळ्या आणि नारळाच्या रसातल्या शिरवाळ्या आवडीने करून दिल्या जातात. भांडी वेगळी हवी असतील तर ते खोली ठरवतानाच स्पष्ट बोलून घ्यावे. आपल्या सासऱ्यांची सुरमई आणि सोलकढी तर ठरलेलीच आहे.

मुलीच्या स्कूबासाठी पोहता येणे आवश्यक नसते, परंतु तिला दमा किंवा कानाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

दर्यावर्दी (मुंबई)

वरील दोन्ही प्रतिसाद वाचून तारकर्लीचा समुद्र सुरक्षित आहे अशी समजूत होऊ नये, म्हणून हे लिहीत आहे. तिथला उतार गणपतीपुळ्यापेक्षा सौम्य आहे, हे खरे. पण तारकर्लीला लागूनच असलेल्या वायरीच्या किनाऱ्यावर एप्रिल २०१७ मध्ये बेळगावहून आलेल्या महाविद्यालयीन सहलीतले आठ जण बुडाले आणि मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची नौका उलटून दोघांचा जीव गेला. म्हणून होडीत बसताना जीवरक्षक जॅकेट अंगात घालून त्याचे पट्टे नीट बांधलेले असावेत. लहान मुलाच्या मापाचे जॅकेट नसेल, तर ती फेरी सोडून द्यावी.

भरती-ओहोटीचा हिशेब कोकणातल्या जुन्या माणसांना तोंडपाठ असतो: तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा; त्याच्या सुमारे सहा तास आधी ओहोटी पूर्ण होते. जागेनुसार अर्धा-एक तास इकडेतिकडे धरावा. आपण भाऊबीजेनंतर, म्हणजे शुद्ध पंचमी ते अष्टमीच्या आसपास तिथे असाल, तर भरती दुपारी चढत असेल. मुलाला नेहमी चढत्या पाण्यात, कमरेच्या आत आणि मोठ्या माणसाचा हात धरूनच उतरवावे. पाणी ओसरू लागले की बाहेर काढावे, कारण ओहोटीची ओढ आत नेते. अमावास्येच्या उधाणाला जे दिवस त्रासाचे असतात, ते अष्टमीच्या भांगाला, म्हणजे पाण्याचा चढ-उतार कमी असतो तेव्हा, बरेच निवळतात. या दृष्टीने आपण निवडलेला आठवडा चांगला आहे.

दोन-दोन रात्रींची वाटणी मला पटत नाही. मालवण ते गणपतीपुळे हा प्रवास किमान चार-पाच तासांचा आहे, त्यामुळे मधला एक पूर्ण दिवस सामान बांधण्यात आणि गाडीतच जाईल.

माहेरवाट (पुणे)

सर्वांचे मनापासून आभार. तिथीचा हिशेब सासऱ्यांनी ऐकताच पंचांग काढले आणि ते आता रोजची वेळ लिहून ठेवत आहेत. तारकर्लीचे पारडे जड झाले आहे, तरी सासूबाईंची इच्छा माझ्या मनातून जात नाही. तीन रात्री तारकर्लीला आणि चौथी, परतीच्या वाटेवर, गणपतीपुळ्याला असे केले तर? तिथे दर्शनच घ्यायचे, समुद्रात कोणीही उतरायचे नाही.

आरेवारे (रत्नागिरी)

हा बेत उत्तम आहे, आणि दर्यावर्दी यांचा आक्षेपही इथे फारसा लागू होत नाही, कारण परतीचा प्रवास तसाही करायचाच आहे. तो फक्त दोन दिवसांत विभागला जाईल. जाताना कोल्हापूर, राधानगरी, फोंडा घाट, कणकवली या वाटेने मालवणला उतरावे. चौथ्या दिवशी न्याहारी करून निघालात तर दुपारी गणपतीपुळ्याला पोहोचाल, सायंकाळी आरती मिळेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, गर्दी वाढण्यापूर्वी, सासूबाईंना पुन्हा निवांत दर्शन घेता येईल. त्यानंतर निवळी, पाली, साखरपा आणि आंबा घाटाने मलकापूरला चढावे. मुलांना घाटात उलटीचा त्रास होत असेल तर साखरप्यापूर्वी पोटभर जेवू देऊ नका. सुट्टीमुळे खोल्या लवकर भरतात, म्हणून तारकर्लीच्या आधी या एका रात्रीची खोली निश्चित करावी. तळमजल्याची, मंदिराकडे चालत जाता येईल अशी मागावी.